इंद्रीची सकाळ

अंतानानारिवो ते आंदासिबे अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. पण तोआमासिना बंदराकडचे कंटेनर ट्रक आणि खड्डे यांच्या कृपेने मादागास्करमधला आमचा एक आख्खा दिवस रस्त्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला इंद्री, म्हणजे इथल्या माकडासारख्या लेमूर प्राण्यांतली एक जात, बघायला आनालामाझाओत्राच्या जंगलात शिरलो. ओलीगच्च झाडं, चिखल, मोज्यांवर जळवा. थेट पावसाळ्यातली आंबोली! दीड तास काही दिसेना. मग अचानक डोक्यावर डरकाळ्या फुटल्या आणि मागोमाग वरून खाली घसरत येणारा लांबलचक सूर. एकाचा संपायच्या आत दुसऱ्याने उचलला, मग तिसऱ्याने. दरीपलीकडून दुसऱ्या कुटुंबाचं उत्तर आलं. हा आवाज दोन किलोमीटरवरही पोचतो. या गाण्यात माणसाच्या संगीतासारखी लय असल्याचं संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं. माझा फोन मात्र सॅकच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत. काढेपर्यंत मैफल संपली.

गाणारे दिसले ते नंतर. काळं-पांढरं अंग, गोल केसाळ कान, वजन नऊ किलोपर्यंत, आणि शेपटी? बोटभर! आपल्या वानराने बघितलं तर हसेल. पण उभ्या खोडावरून उभ्या खोडावर अशी काय झेप घेतात, की शेपटीवाचून काही अडत नाही.

मादी वरच्या फांदीवर बसली होती. डहाळी हाताने तोंडाशी ओढायची, कोवळी पानं दातांनी खुडायची, डहाळी सोडून द्यायची. नर खाली ताटकळत. "इथे आधी बाईसाहेब जेवतात," वाटाड्या म्हणाला. पानांखेरीज फळं, बिया, फुलंही चालतात. उन्मळलेल्या एका झाडाच्या मुळाशी इंद्रींनी उकरलेली माती त्याने दाखवली. तीही खातात! पानांतली विषारी द्रव्यं पचवायला ती मदत करत असावी.

पिंजऱ्यात इंद्री जगत नाही. ठेवायचे प्रयत्न फसलेत. पिल्लूही दोन-तीन वर्षांतून एकच. इथले लोक त्याला 'बाबाकोतो' म्हणतात, पूर्वज मानतात. त्याला मारणं 'फादी', म्हणजे निषिद्ध. पण झाड तोडायला फादी आड येत नाही.

परतताना गाडीतून भातासाठी जाळलेला डोंगरउतार दिसला, आपल्या कुमरीसारखाच. चहाला थांबलो तर मागून पुन्हा तोच सूर! या वेळी फोन हातात होता. रेकॉर्डिंगमध्ये ट्रकचा हॉर्नच जास्त ऐकू येतो.