विट्याहून थारच्या वाळवंटात: कॅम्परव्हॅन आणि पाण्याचा हिशेब

राजस्थानात बाडमेरला आमची कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, उभी केली, हात धुवायला नळ सोडला आणि नळातून नुसती फुस्स हवा आली. सकाळी गुजरातेतल्या डीशात ७० लिटरची टाकी काठोकाठ भरून घेतली होती. दिवसभरात त्यातलं दोन-चार तांब्यांच्या वर वापरलं नव्हतं. ह्यांनी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकून बघितलं, तर टाकीचं पाणी काढून टाकायचा खालचा कॉक नीट बसतच नव्हता. सव्वादोनशे किलोमीटर आमचं पाणी थेंबाथेंबानं रस्त्यावर सांडत आलं होतं.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, काही बोलले नाहीत. मागच्या बाकाखालून त्यांनी वीस-वीस लिटरचे दोन कॅन ओढून काढले आणि म्हणाले, "हे आहे की. स्वैपाकाला लागा."

हे कॅन घेऊ नका म्हणून आम्ही तिघांनी त्यांच्याशी वाद घातला होता. गाडीत टाकी आहे, जागा कमी आहे, कशाला ओझं? पण अण्णा सांगलीकडच्या दुष्काळी आटपाडी तालुक्यातले. १९७२च्या दुष्काळात एकोणिसाव्या वर्षी ते खडी फोडायच्या कामावर होते. पाणी एकाच भांड्यात ठेवायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. वाळवंटाची सहल आखताना किलोमीटर आणि हॉटेलं सगळेच मोजतात. तुम्ही पहिल्यांदा पाणी मोजा, बाकीचं त्याभोवती बसवा. आमची अकरा दिवसांची सहल नीट पार पडली ती या एका सवयीमुळे, असं मला मनापासून वाटतं.

आमचा हिशेब असा होता. माणसं चार: आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि ७१ वर्षांचे अण्णा. पिण्याला माणशी चार लिटर, म्हणजे सोळा. स्वयंपाकाला सहा, भांड्यांना सहा, हात-तोंड धुणं आणि इतर मिळून बारा. दिवसाला चाळीस लिटर. टाकीत पावणेदोन दिवसांचं, कॅनमध्ये एक दिवसाचं. यात आंघोळ नाही. आंघोळ एक दिवसाआड, धर्मशाळेत किंवा हॉटेलात थोडे पैसे देऊन. पाणी दिसेल तिथे भरून घ्यायचं, अर्धी टाकी भरलेली असली तरीसुद्धा. बाडमेरच्या बाजूला जमिनीतलं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट लागतं, त्यामुळे पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा आणि चाखल्याशिवाय त्यात दुसरं मिसळू नका. भांडी अण्णांनी आधी कोरड्या वाळूनं घासायला लावली, मग तांब्याभर पाण्यात विसळली. आमच्याकडे टंचाईच्या दिवसांत राखेनं घासतात, तेच हे.

गाडी भाड्यानं घ्यायची की आपली टेम्पो ट्रॅव्हलर करून घ्यायची, यावर आमच्या घरी महिनाभर चर्चा चालली. गॅरेजवाले सीटा काढून, पलंग टाकून, छत कापून देतो म्हणतात. पण मूळ रचनेत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. ती नसेल तर अपघात झाल्यावर विम्याचं काय होईल, हा प्रश्न डोक्यावर राहतो. म्हणून आम्ही कॅम्पर म्हणूनच नोंदलेली गाडी पुण्यातून भाड्यानं घेतली. चालवायला नेहमीचं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलं की पुरे, सर्वोच्च न्यायालयानं २०२४मध्ये हे स्पष्ट केलं आहे. परराज्यात जायचं परमिट, विमा आणि पीयूसी मात्र ताब्यात घेतानाच वाचून बघा.

आणि ताब्यात घेताना घाई करू नका. आम्ही केली. मालकानं पलंग कसा उघडतो, पंखा कसा लागतो हे दाखवलं आणि आम्ही निघालो. खरं तर टाकी भरायला लावायची होती, अर्धा तास थांबायचं होतं आणि गाडीखाली कोरड्या जमिनीवर ओल येते का ते बघायचं होतं. स्टेपनीतली हवा, जॅक, गॅसची नळी, इन्व्हर्टरवर मोबाइल प्रत्यक्ष चार्ज होतो का, हे सगळं त्याच अर्ध्या तासात होतं. घरचा मोठा सिलिंडर नेऊ नका. पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, तो आम्हाला पुरून उरला. स्वयंपाक करताना सरकता दरवाजा उघडा ठेवा आणि रात्री गॅस सिलिंडरपाशीच बंद करा.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विटा सोडलं. दिवाळीची सुट्टी आणि वाळवंटाचा हंगाम इथे जुळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. जानेवारीत जैसलमेरच्या रात्री फार गारठतात आणि मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या गाडीत लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जायचं धाडस करू नये. रोज ३५०च्या आत किलोमीटर आणि दिवस मावळायच्या आधी मुक्काम, एवढे दोन नियम ठेवले. पहिली रात्र मनोरच्या पुढे हायवेवरच्या एका हॉटेलच्या आवारात. तिथे जेवलं की गाडी लावायला सहसा कुणी नाही म्हणत नाही, पण आधी विचारावं. गुजरातेत दारूबंदी आहे. गाडीत कुणाची बाटली राहिलेली नाही ना, हे सीमेच्या अलीकडेच बघून घ्या.

दुसरा मुक्काम बडोद्याला. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णांनी स्वतः बावीस वर्षं बडोद्यात भट्टीपुढे काढली. जुन्या शेजाऱ्यांच्या दारात गाडी लावली, रात्री आमटी-भात झाला, सकाळी टाकी आणि कॅन भरून मिळाले. तुम्ही सांगली जिल्ह्यातले असाल तर निघण्यापूर्वी गावात एकदा चौकशी करा, वाटेवरच्या कुठल्या ना कुठल्या शहरात आपलं गलाईचं घर निघतंच. अनोळखी मुलखात रात्री-अपरात्री फोन करता येईल असं एक माणूस असणं फार मोलाचं आहे.

तिसरी रात्र डीसा, चौथी सांचोरमार्गे बाडमेर. सांचोरनंतर मुलूख बदलायला लागतो. ऊस नाही, केळी नाही. बाजरीची रानं, आकडा म्हणजे आपली रुई, आणि खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो, इथे ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे आणि तिच्या शेंगांची, सांगरीची, भाजी रोजच्या ताटात असते. आम्ही विट्याहून बाजरीचं पीठ, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग नेलं होतं. बाजरीचं पीठ उगीच नेलं. तिथे गावोगाव मिळतं, भाकरीही आपल्यासारखीच, जरा जाड.

बाडमेर ते जैसलमेर दीडशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता सुंदर. जैसलमेरच्या १७ किलोमीटर अलीकडे आकल इथे अश्मीभूत लाकडांचं उद्यान आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडली आहेत. जिथे आज सावलीला झुडूप शोधावं लागतं तिथे कधी काळी दाट जंगल होतं. मुलगा त्या खोडाशेजारी बराच वेळ बसून होता. लोक ही जागा टाळून पुढे जातात, तुम्ही तासभर काढा.

जैसलमेरचा किल्ला रावल जैसलनं ११५६मध्ये वसवला आणि आजही त्यात माणसं राहतात. गल्ल्या अरुंद आहेत, कॅम्पर घेऊन वर जायचा विचारही करू नका. गडीसर तलावाच्या बाजूला गाडी ठेवली आणि रिक्षा केली. किल्ल्याबद्दल इतरांनी खूप लिहिलंय, मी लिहीत नाही.

मला लिहायचंय ते कुलधरा आणि खडीनबद्दल. कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं ओस पडलेलं गाव, शहरापासून अठरा-वीस किलोमीटरवर. बहुतेक लोक तिथे भुताच्या गोष्टी ऐकायला जातात. अण्णांनी मात्र गावाबाहेरची जमीन बघितली. उताराच्या खालच्या अंगाला लांबच लांब मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी त्यात अडवायचं, ते जिरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा काढायचा. यालाच तिकडे खडीन म्हणतात आणि पालीवालांनी ही पद्धत शतकांपूर्वी बसवली. अण्णा बांधावर उभे राहून म्हणाले, "ही आपली ताल हाय रं. हितं पाऊस आपल्या निम्म्यानं न्हाई, तरी ह्यांनी गहू खाल्ला." आमच्या माणदेशात ताली, म्हणजे पाणी अडवायचे असेच मातीचे बांध, घातलेलं ज्याच्या घरात कुणी असेल, त्यानं ही जागा बघितल्याशिवाय परत येऊ नये.

वाळूच्या टेकड्यांसाठी सम आणि खुडी अशा दोन जागा आहेत. सम शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, गर्दीची, रात्री स्पीकरची. आम्ही खुडीला गेलो, शांत आहे. उघड्या वाळवंटात कुठेही गाडी लावून झोपायचं, हे चित्र डोक्यातून काढून टाका. हा बराचसा भाग डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत किंवा लगत येतो आणि पुढे सीमा आहे. एका छोट्या तंबूवाल्याच्या कुंपणात गाडी लावली. जेवण, पाणी आणि संडास तिन्हींची सोय झाली, शिवाय राखण.

तिथेच आमची गाडी रुतली. वळवताना मागचं एक चाक डांबराखाली हातभर उतरलं. ह्यांनी सवयीनं ॲक्सिलरेटर दाबला आणि चाक अजून खाली गेलं. कारखान्याच्या हंगामात आपल्याकडे उसाची ट्रॉली काळ्या रानात रुतते, तेव्हा चाकाखाली पाचट घालतात. तोच उपाय इथेही आहे. थांबायचं, इंजिन बंद करायचं, खोऱ्यानं चाकापुढची वाळू उतरती काढायची, गोणपाटं अंथरायची आणि पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू बाहेर यायचं. तरीही शेवटी तंबूवाल्याच्या जीपनं दोर लावून ओढावं लागलं. चार गोणपाटं, एक लहान खोरं आणि चांगला दोर बरोबर असू द्या. आणि एवढ्या जड गाडीनं डांबर सोडायचंच नाही.

त्या रात्री अष्टमीचा चंद्र होता. मध्यरात्रीच्या सुमारास तो मावळला आणि मग जे आकाश उघडलं ते मी लहानपणी आजोळच्या माळावर बघितलं होतं, त्यानंतर थेट इथेच. चांदण्यातली वाळू बघायची असेल तर पौर्णिमेच्या आसपास जा, तारे बघायचे असतील तर अमावास्येच्या. शुद्ध सप्तमी-अष्टमीला दोन्ही मिळतं. मुलाला रात्री एक वाजता उठवा, रडला तरी उठवा.

याच पार्कात माळढोक आहे, तिकडे त्याला गोडावण म्हणतात. देशात आता दीडशेच्या आसपास उरलेत म्हणतात. विजेच्या तारांना धडकून मरतात हे त्यांचं मोठं दुखणं. आम्हाला दिसला नाही, चिंकारा दिसले. अण्णांनी तरुणपणी आटपाडीच्या माळावर माळढोक बघितलेला आहे. ते दोन तास काचेला डोळा लावून बसले होते.

सातव्या दिवशी तनोट, जैसलमेरहून १२० किलोमीटर. सकाळी सातला निघा, डिझेल शहरातच भरा, नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या, पुढे नेटवर्क जातं. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. तनोट मातेच्या देवळात १९६५च्या युद्धात पडूनही न फुटलेले गोळे ठेवलेत आणि देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं. परतताना लोंगेवाला करा. ४-५ डिसेंबर १९७१च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या मोजक्या जवानांनी इथे रणगाड्यांची फौज पहाटेपर्यंत रोखून धरली. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर गाडी चालवू नका, उंट आणि गाई डांबराच्या उबेला येऊन बसतात.

रामगडच्या भागात इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आडवं आलं. हिमालयातलं पाणी, इतक्या लांब, वाळूतून. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आमच्या भागात पहिल्यांदा आलं तेव्हा गावातल्या बायकांनी ओटी भरली होती. अण्णांनी खिशातून नारळ काढला नाही, तो नव्हताच. त्यांनी बाजूच्या टपरीवरून गूळ आणला, चिमूटभर पाण्यात सोडला आणि उरलेला आम्हाला वाटला. तिथल्या एका मेंढपाळानं विचारलं, कुठून आलात? अण्णा हिंदीत म्हणाले, "सांगली से. हमारे यहाँ भी ऐसाच था."

परतीला चार दिवस लागले. पुण्यातून पुण्यात सुमारे २,८५० किलोमीटर, डिझेलचं ॲव्हरेज लिटरला नऊ ते दहा. गाडी परत करताना कॉकबद्दल सांगितलं, मालकानं आमच्यासमोर बदलला. दोन्ही कॅन विट्याला परत आलेत. अण्णांनी ते धुऊन, उलटे करून, माळ्यावर ठेवलेत. पुढच्या दिवाळीला कच्छचं रण, असं त्यांनी मुलाला सांगून टाकलंय.