मातीतल्या फुलांची जुडी

ऑगस्टचा पहिला आठवडा मी दरवर्षी आधीच रजा टाकून मोकळा ठेवते. वेल्समध्ये राहायला आल्यापासून हा नेम चुकलेला नाही. त्या आठवड्यात आइस्टेधवोद असतो. साहित्य संमेलन, गायनाच्या स्पर्धा आणि जत्रा एकाच मैदानावर भरवल्या तर जे होईल, ते म्हणजे आइस्टेधवोद. एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत. 1950 पासून मंचावर फक्त वेल्श बोलायचं असा नियम आहे. मी तिथे स्वयंसेवक म्हणून उभी असते, खुर्च्या दाखवते, भाषांतर ऐकायचे हेडफोन वाटते. उद्‌घाटन, स्वागत, प्रायोजकांचे आभार हे सगळं जसं कुठेही असतं तसंच असतं.

मी जाते ते गोर्सेधसाठी. गोर्सेध म्हणजे कवींची सभा, हिरव्या, निळ्या आणि पांढऱ्या झग्यांतली. तिच्या प्रमुखाला आर्चड्रुइड म्हणतात. ही परंपरा प्राचीन ड्रुइडांपासून, म्हणजे केल्टिक लोकांच्या पुरोहितांपासून आली, असं सांगणारा योलो मोर्गानुग हा व्यवसायाने पाथरवट. त्याने 1792 मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर पहिली सभा भरवली आणि 1819 मध्ये ती कारमार्थनच्या आइस्टेधवोदला जोडली गेली. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं की विधी, मंत्र, वंशावळ, बहुतेक सगळं त्याच्याच डोक्यातलं होतं. मला त्यात फसवणूक दिसत नाही. आपल्या भाषेला मान मिळावा म्हणून एका पाथरवटाने अख्खा संप्रदाय कल्पनेतून घडवला आणि लोकांनी तो दोनशे वर्षं मनापासून पाळला. याहून मोठी कविता कोणती?

विधीत एक क्षण असा येतो की दरवर्षी माझे डोळे भरतात. मेळा भरतो त्या भागातली एक स्त्री आर्चड्रुइडपुढे शिंग धरते, स्वागताच्या मद्याचं. मग एक तरुण मुलगी फुलांची जुडी देते, वेल्सच्या भूमीतली, मातीतली फुलं म्हणून. लगेच त्याच भागातल्या शाळांतल्या लहान मुली हिरव्या कपड्यांत येतात आणि रानात फुलं वेचल्यासारखं नाचतात. वाकतात, वेचतात, ओंजळ भरतात. कुठल्या देवीचं नाव कुणी घेत नाही. मला मात्र नवान्न पौर्णिमा आठवते. कोकणात आजी दाराला नवं बांधायची. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, कुरडू, झेंडू, आंब्याची पानं. तिचे हात अगदी असेच वाकायचे. 2024 साली मेळा पोंटीप्रिधला, आमच्या भागात आला. आमच्या रस्त्यावरच्या दोघी त्या नाचात होत्या. त्यांचं एकही पाऊल चुकलं नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

शुक्रवारी खुर्चीचा मान असतो, स्पर्धेत जिंकलेल्या कवीला खुर्चीवर बसवतात. परीक्षक कवितांवर बोलतात. टोपणनावाने आलेल्या प्रत्येक कवितेला न्याय देणारं ते भाषण मला स्पर्धेपेक्षाही आवडतं. त्यातला प्रत्येक शब्द कळावा म्हणून मी वेल्श शिकले. मग अंधार, तुतारी, आणि हजारोंतून एकच माणूस उभा राहतो. तलवार म्यानातून अर्धीच काढतात आणि आर्चड्रुइड तीनदा विचारतात, ‘‘आ ओइस हेधुख?’’ म्हणजे शांतता आहे का? सगळे एका आवाजात म्हणतात, ‘‘हेधुख!’’ 1917 मध्ये बर्कनहेडला तुतारी वाजली आणि कुणीच उभं राहिलं नाही. विजेता हेध विन, त्राउसवनिधचा मेंढपाळ कवी, पहिल्या महायुद्धात, 31 जुलैला बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या लढाईत मारला गेला होता. रिकाम्या खुर्चीवर काळं कापड घातलं. त्याच्या नावाचा पहिला शब्द ‘हेध’, त्याचाही अर्थ शांतीच. तुतारी झाली की दरवर्षी मी क्षणभर घाबरते, कुणी उठेल ना?

एक सल आहे. बुधवारी गद्याच्या पदकाला मागच्या रांगा रिकाम्या असतात. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून तर आजवर कुणीच आलं नाही. गणपतीला दोन तास गाडी चालवून येणारी माणसं ‘‘भाषा कळत नाही’’ म्हणतात. भाषांतराचे हेडफोन असतात, आणि ते मीच वाटते. निदान नाच तरी बघायला या.

हा मेळा उभा करणाऱ्यांना नावं लिहिलेली आवडणार नाहीत, म्हणून कामावरूनच आठवते. झगे इस्त्री करून अंगावर नीट बसवणाऱ्या बाई. पावसात भिजलेले तेच झगे रात्रभर वाळवणाऱ्या त्यांच्या मदतनीस. वीणावाली. दोघे तुतारीवाले. मुलींचा नाच बसवणाऱ्या बाई, आणि पेटीचा भाता न थकता ओढणारे गृहस्थ. दाराशी उभे असलेले माझे सगळे जोडीदार. चहाच्या तंबूतल्या दोघी बहिणी. व्हीलचेअर ढकलणारा तो कॉलेजचा मुलगा. आणि हो, फुलं आणून देणारे शेतकरी आजोबा, ते राहिले असते तर मला झोप लागली नसती.

वेल्शमध्ये सप्टेंबरला मेदी म्हणतात, मेदी म्हणजे कापणी. त्यानंतर कोजागिरीच्या सुमारास मी दाराला नवं बांधते. इथे आंब्याची पानं नाहीत, भाताची लोंबी नाही. आजोबा ओटची कणसं आणून देतात आणि दोरा मी धरते तेव्हा गाठ तेच मारतात.