साजातली एक पानडी

पाणीपुरवठ्याच्या कामात डांबराखाली गाडल्या गेलेल्या व्हॉल्व्हची झाकणे शोधण्यासाठी मी मेटल डिटेक्टर वापरतो. असे यंत्र जवळ असलेल्या माणसाला अमावास्येच्या आसपास गुप्तधनासाठी फोन येतातच. त्यांना मी नकार देतो आणि जमिनीत सापडलेले 10 रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे, एवढे ऐकवतो. कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावातून आलेला फोन मात्र निराळा होता. सुमारे 40 वर्षांपूर्वी, घरच्याच माळावर जोंधळ्याची मळणी चालू असताना, त्या गृहस्थांच्या आईच्या कोल्हापुरी साजाची तार तुटली होती. जवमणी वेचले गेले, 21 पानड्यांपैकी, म्हणजे साजात ओवलेल्या नक्षीदार पदकांपैकी, 20 मिळाल्या. एक गेली ती गेलीच.

माळ जांभ्याचा, तांबडा. अशा जमिनीत लोहाचा अंश इतका असतो की यंत्र मातीलाच धातू समजून कुरकुरते. म्हणून धातू नसलेली जागा पाहून, यंत्राची तबकडी वर-खाली करत, आवाज स्थिर होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स करून घ्यावा लागतो. त्यात पंधरा मिनिटे गेली. मग सुतळी ताणून मीटर-मीटरचे पट्टे आखले आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी येईल अशा बेताने चालू लागलो.

खरी अडचण पुढे होती. तबकडीतून निघणाऱ्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत गोल फिरणारे विजेचे प्रवाह, म्हणजे भोवरे प्रवाह, निर्माण होतात आणि त्यांच्या प्रतिसादावरून यंत्र आवाज व आकडा देते. लोखंड त्यात बऱ्यापैकी ओळखू येते. बैलांच्या पायांतल्या पत्र्या आणि त्यांचे खिळे मी न उकरताच सोडून दिले. पण साजाची पानडी म्हणजे भरीव सोने नव्हे, ती लाखेवर चढवलेला पातळ पत्रा असते. इतक्या हलक्या सोन्याचा आकडा आणि सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचा आकडा जवळजवळ एकच येतो. कचरा वगळायला यंत्राला सांगावे, तर त्याबरोबर पानडीही वगळली जाणार. त्यामुळे तसा प्रत्येक आवाज उकरणे भाग होते. दुपारपर्यंत 31 खड्डे झाले आणि गोळ्यांच्या पाकिटांचे तुकडे, बाटल्यांची बुचे व एक चेपलेली टूथपेस्टची नळी एवढी मिळकत पिशवीत पडली.

जेवताना आजींनी विचारले, “कुठं शोधतोस रं?” मी बोट दाखवले. त्या हसल्याच. “हितं न्हवं खळं. मोठ्याला काय ठावं, त्यो तवा शाळंत हुता. तिवडा त्या बांधाकडं हुता.” तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. सकाळी मी मुलाला जागा विचारली होती, जिच्या गळ्यातून पानडी पडली तिला विचारायचे मला सुचले नव्हते. व्हॉल्व्ह शोधताना जुन्या फिटरला गाठल्याशिवाय मी यंत्र पिशवीतून काढत नाही, आणि इथे नेमके तेच चुकले.

आजी काठी टेकत आल्या आणि बांधापासून दहा-बारा पावलांवर थांबल्या. तिथली जमीन आजूबाजूपेक्षा किंचित बसलेली होती आणि उकरताना वरच्या सैल मातीखाली चोपून सारवलेला टणक थर हाताला लागत होता. मळणीचे बैल तिवड्याभोवती फिरतात, म्हणून पट्टे सोडून मीही गोल फिरू लागलो. तिथला सातवा आवाज बारीक होता, पण कोणत्याही बाजूने तबकडी नेली तरी तसाच येत होता. चार बोटे खाली मातीचे एक ढेकूळ निघाले. ते तळहातावर फोडले, तेव्हा आत नखाएवढा पिवळा पत्रा होता, एका कडेला दुमडलेला. लाख पाठीमागून अर्धी निघून गेलेली. अंगठ्याने माती पुसली तसे खवले दिसू लागले. दशावतारांच्या पानड्यांतला मासा होता तो.

बाकीचा साज धाकट्या मुलीच्या लग्नात मोडल्याचे मला तेव्हा कळले. चिरंजीव म्हणाले, सराफाकडून सरळ करून आणू. आजींनी पानडी पदराच्या टोकात बांधली. “सराफाकडं एकदा गेलं ते परत आलं न्हाई,” एवढेच त्या बोलल्या.

खड्डे बुजवता बुजवता दिवस मावळला. वरच्या माळावर संध्याकाळी जनावरे सुटतात, त्यांचे पाय अडकायला नकोत म्हणून सगळे 38 मोजून भरले.