धुण्याची खोली ते कोठीची खोली: आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपची सुरुवात पत्र्याच्या कोठ्यांपासून झाली. जळगाव, भुसावळ, अमळनेर, चोपडा या भागात वर्षाचं धान्य एकदम भरायची रीत अजून टिकून आहे. दादर, म्हणजे रब्बी ज्वारी येते, होळीनंतर नवा गहू येतो आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे घरोघरी कोठ्या भरल्या जातात. त्यासाठी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या, खालून तोंड असलेल्या कोठ्या आम्ही करायचो. पुढे वाड्यांच्या जागी फ्लॅट आणि रो-हाऊस आली, आणि कोठीची खोली नकाशातूनच गेली. मग आम्ही किचन ट्रॉल्यांच्या कामात उतरलो. आता सर्वांत जास्त मागणी आहे ती तिसऱ्याच कामाला. स्वयंपाकघराला लागून धुण्याची खोली असते. वॉशिंग मशीन बाल्कनीत किंवा गच्चीवर गेलं की ती मोकळी होते आणि घरातल्यांना तिथे कोठी दिसू लागते.

ही खोली पाणी वापरण्यासाठी आणि बाहेर घालवण्यासाठी बांधलेली असते. धान्याला तर ओलीचा अंशही चालत नाही. म्हणून आमचा निम्मा वेळ मांडणीच्या आधीच जातो. तो टाळला तर कितीही भारी प्लाय लावा, भाद्रपदापर्यंत डाळीला कुबट वास येतोच.

पहिलं काम भिंतीची परीक्षा. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. आतल्या बाजूला घाम आला तर ओल भिंतीतून येते आहे. फक्त बाहेरच्या बाजूला आला तर ती हवेतली आहे आणि तिला वायुवीजन पुरतं. ही परीक्षा नळाच्या मागे, बाथरूमच्या सामाईक भिंतीवर आणि बाहेरच्या भिंतीवर अशी तीन ठिकाणी करतो. एप्रिल-मेमध्ये खानदेशातली प्रत्येक भिंत कोरडीच दिसते, त्यामुळे त्या दिवसांतला निकाल आम्ही धरत नाही. भिंत पावसाळ्याच्या शेवटी बघावी, गवंडीकाम दिवाळीनंतर करावं आणि लाकूडकाम फेब्रुवारीत. नव्या सिमेंटला पुरतं वाळायला किमान चार आठवडे लागतात. मार्चमध्ये फरशी करून एप्रिलमध्ये गहू भरला तर सिमेंटची ओल धान्यात उतरते.

मग नळ. नुसता कॉक काढून प्लग मारून भागत नाही. भिंतीतला पाइप दाबाखाली राहतो आणि जुना जोड झिरपू लागला तर मांडणीच्या मागे महिनोन्‌महिने कळत नाही. जिथून ही शाखा फुटते तिथेच ती कापून कॅप लावायची, लाइन दाबाने तपासायची आणि मगच भिंत बुजवायची.

खरी मेख आहे ती नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्यात. ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभं असतं आणि तेच गटाराचा वास व झुरळं अडवतं. खोली वापरात नसली की आपल्या उन्हाळ्यात हे पाणी काही आठवड्यांत आटतं आणि ड्रेनेजचा रस्ता थेट धान्यापर्यंत मोकळा होतो. वर फरशी चिकटवून हा रस्ता बंद होत नाही, सांध्यांतून वास येतच राहतो. ट्रॅप काढून पाइपच्या तोंडाला सॉल्व्हंट सिमेंटने (पाइप चिकटवायच्या गोंदाने) एंड कॅप बसवावी लागते, त्यावर काँक्रीट आणि मग वॉटरप्रूफिंग. त्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. बऱ्याच घरांत स्वयंपाकघरातल्या सिंकचं पाणी याच ट्रॅपमध्ये पडून पुढे जातं. सिंकमध्ये हळदीचं पाणी ओतून ट्रॅपमध्ये बॅटरी मारून पाहिलं की लगेच कळतं. पाणी पिवळं दिसलं तर ट्रॅप लगेच बंद करायचा नाही. सिंकची लाइन सलग पाइपने पुढे जोडायची, ट्रॅप सिंकखाली घ्यायचा आणि साफसफाईचं तोंड खोलीबाहेर काढायचं. हे न पाहता ट्रॅप बुजवला तर पहिल्याच आठवड्यात सिंक तुंबतं.

फ्लॅटमध्ये धुण्याच्या खोलीखाली बहुधा सनकन स्लॅब असतो, म्हणजे खोलगट स्लॅबमध्ये विटांचे तुकडे भरून वर फरशी केलेली असते. वरची फरशी कोरडी असली तरी खालच्या भरावात जुनं पाणी साठलेलं असू शकतं. कोपऱ्यातल्या दोन फरश्या काढून खाली पाहावं. भराव ओला असेल तर पाणी बंद केल्यावर तो वाळायला अख्खा उन्हाळा द्यावा लागतो, आणि असं घर आम्ही पुढच्या हंगामावर टाकतो.

या खोलीची जमीन स्वयंपाकघरापेक्षा एक-दोन इंच खाली असते. ती समपातळीत आणण्याचा आग्रह बरेच जण धरतात. साडेचार बाय सात फुटांच्या खोलीत दोन इंच काँक्रीट म्हणजे तीनशे किलोंहून अधिक वजन. तळमजल्यावर ते चालतं, पण वरच्या मजल्यावर त्यात तीन क्विंटल धान्याची भर पडणार असते. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून काढलेला असतो. म्हणून फ्लॅटमध्ये आम्ही जमीन तशीच ठेवतो, फक्त दाराशी छोटा उतार देतो आणि कोठ्या भिंतीलगत, जमेल तिथे तुळईवर येतील अशा मांडतो.

एवढं झालं की मोजमाप, आणि ते आधी धान्याचं, मग खोलीचं. पाच माणसांच्या घरात गहू अडीच-तीन क्विंटल आणि दादर एखादा क्विंटल असा हिशोब निघतो. बाजरी, भरडा, कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद वेगळे. एक क्विंटल गव्हाला सुमारे १३० लिटर जागा लागते. १६ इंच व्यासाची, ४२ इंच उंचीची कोठी साधारण १३८ लिटरची होते, म्हणजे क्विंटल बसून दोन-अडीच इंच जागा वर उरते. साडेचार फूट, म्हणजे ५४ इंचांच्या मागच्या भिंतीला अशा तीन कोठ्या दीड-दीड इंच अंतर सोडून नेमक्या बसतात. चौथा क्विंटल असेल तर तो डब्यांत वाटायचा. चौथी कोठी कोंबली की चालायची वाट जाते.

कोठी आणि मागची भिंत यांच्यात दोन इंच अंतर हवंच. भिंतीला टेकलेला पत्रा पावसाळ्यात मागच्या बाजूने घाम धरतो आणि गंजही तिथूनच सुरू होतो. जमीन ट्रॅपच्या दिशेला उतरती असल्यामुळे कोठी थेट ठेवली तर कलते. त्यासाठी ३५ मिमी अँगलची, पायांना स्क्रू असलेली घडवंची करतो आणि ती पाणसळीने समपातळीत आणतो. उंची दहा इंच, म्हणजे खालच्या तोंडाशी पातेलं बसतं. कोठीच्या वर निदान अडीच फूट काहीही नको. झाकणाच्या एक फूट वर फळी लावलेली मांडणी चित्रात भरगच्च दिसते, पण पोतं उलटं करायला जागाच राहत नाही आणि घरची माणसं तांब्या-तांब्याने गहू भरत बसतात.

डाव्या लांब भिंतीला १५ इंच खोलीची कडप्प्याची मांडणी. कडप्प्याला वाळवी लागत नाही, तो फुगत नाही आणि ओल्या फडक्याने पुसता येतो. एक इंच जाडीची चार फुटी फळी तीस किलोंच्या आसपास भरते, म्हणून आधार दर अडीच फुटांवर. भिंतीवर टाइल असतील तर त्या काढायच्या नाहीत, कोठीच्या खोलीला त्याच हव्यात. टाइलला भोक पाडताना ड्रिलची हॅमर बंद ठेवायची, टाइल ओलांडली की चालू करायची, आणि अँकर (मांडणी भिंतीला धरणारा बोल्ट) प्लास्टरमध्ये न राहता विटेत शिरेल एवढा लांब घ्यायचा. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा अँकर कालांतराने ढिला होतो, तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट वापरतो.

कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड आहे, हे गिऱ्हाइकाला आम्ही आवर्जून सांगतो. कैरीच्या किंवा लिंबाच्या लोणच्याचा खार सांडला की त्यावर पांढरट खडबडीत डाग पडतो आणि तो घासून जात नाही. लोणच्याच्या बरण्यांखाली म्हणून ग्रॅनाइटचा तुकडा. मीठ चिनी मातीच्याच बरणीत आणि लोखंडी अँगलपासून लांब.

फळ्यांमधली अंतरं डब्यांवरून ठरतात. तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा सव्वानऊ इंच रुंद आणि सुमारे चौदा इंच उंच असतो, त्यात तेरा-चौदा किलो तूरडाळ मावते. पन्नास किलो डाळ म्हणजे चार डबे. त्या फळीला सतरा इंच उंची दिली की झाकण उघडून हात आत जातो. जड डबे गुडघा ते कंबर या पट्ट्यात, रोजचं भाकरीचं पीठ कंबरेच्या उंचीवर. कुरडया, बिबडे, पापड, शेवया हलक्या पण जागा खाणाऱ्या, त्या सगळ्यांत वर, घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यांत. वरच्या फळीची उंची आम्ही टेपने ठरवत नाही. जी काकू किंवा ताई रोज तिथे वावरणार आहे तिला हात वर करायला सांगतो आणि मनगटाशी खूण करतो.

उजव्या भिंतीला फक्त आठ इंच खोली. बरण्यांची एकच रांग, मागे काही लपत नाही. जी वस्तू दुसऱ्या वस्तूमागे जाते ती विसरली जाते आणि किडे तिथूनच पसरतात. १५ आणि ८ इंच वजा जाता मध्ये ३१ इंच वाट उरते. डबा घेऊन खाली वाकायला तीस इंच लागतातच, त्यामुळे यापेक्षा खोल मांडणीला आम्ही सरळ नाही म्हणतो. या बाजूला १८ मिमी, आयएस ७१० प्रतीचा, म्हणजे मरीन प्लाय, दर दोन फुटांवर उभा आधार आणि पुढे अर्धा इंच पट्टी. पार्टिकल बोर्ड या खोलीत नकोच, कडेने एकदा ओल शिरली की तो फुगतो आणि स्क्रू सुटतात. नंदुरबार-दोंडाईच्याची लाल मिरची आणि काळा मसाला उजेडात रंग सोडतात, त्या दोन कप्प्यांना दारं.

ट्रॉल्या आम्ही स्वतः बनवतो, तरी कोठीच्या खोलीत त्या घेऊ नका असं सांगतो. पिठाची धूळ चॅनलच्या, म्हणजे ट्रॉली सरकते त्या पट्टीच्या ग्रीसमध्ये बसून बेअरिंगच्या गोळ्या जाम होतात, आणि ४५ किलो क्षमतेच्या चॅनलवर भरलेले डबे रोज ओढले की ती वाकते.

वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा पॉइंट मात्र सोन्यासारखा. घरघंटी, म्हणजे घरगुती पिठाची चक्की तिथेच बसते. एक हॉर्सपॉवरची मोटर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग एवढं पाहायचं. दळताना ती थरथरते, म्हणून मांडणीपासून चार इंच लांब आणि पायांखाली रबर. दिवा छताच्या मध्यभागी एकच लावला तर खालच्या कप्प्यांवर वरच्या फळ्यांची सावली पडते. दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूंना उभ्या एलईडी पट्ट्या लावल्या की तळाच्या डब्याचं लेबलही वाचता येतं.

दार बाहेर उघडणारं. आत उघडणारं दार अडीच फूट जागा खातं, आणि सरकत्या दाराला उंदराएवढी फट राहते. उंदराच्या पिल्लाला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते, म्हणून खाली ॲल्युमिनियमची पट्टी. हवेसाठी खाली-वर दोन झरोके, दोन्हीला स्टीलची बारीक जाळी, पावसाळ्यात बंद करता येतील असे.

चावी देताना भरण्याबद्दल तीन गोष्टी सांगतो. धान्यातली ओल बारा टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे दाणा दाताखाली कट्‌कन फुटतो. उन्हातून काढलेलं धान्य गरम असताना कोठीत भरायचं नाही. रात्री पत्रा थंड झाला की झाकणाखाली पाणी सुटतं आणि वरच्या थराला बुरशी लागते. पसरून ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी भरावं. आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणायच्याच नाहीत. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू जीव घेतो, आणि ही खोली तर स्वयंपाकघराला लागूनच असते. तुरीला एरंडेल चोळून ठेवायची जुनी रीत आहे, ती चांगली चालते.

खेड्यांतून, विशेषतः धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांतून, आता मागणी येऊ लागली आहे. तिथल्या मातीच्या जाड भिंती अँकर धरत नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीचा आधार न घेता चार पायांवर उभी राहणारी अँगलची मांडणी करतो. पायांखाली सहा इंचांचे चौकोनी कडप्पे, म्हणजे पाय मातीत रुतत नाहीत आणि खालून वाळवीची माती चढली तर काळ्या दगडावर ती लगेच दिसते.

काम कुठलंही असो, पहिल्या श्रावणात आम्ही एकदा येऊन जातो. कोठ्यांच्या मागे हात फिरवतो, बुजवलेल्या ट्रॅपच्या जागी आणि नळाच्या जुन्या जागी पुन्हा प्लास्टिकचा कागद लावतो, घडवंचीचे स्क्रू पाणसळीने तपासतो. भरल्या कोठ्यांच्या वजनाने एखादा पाय थोडा बसलेला असतो, तो तेव्हाच वर घेतो.