परसातली घुमटाची भट्टी

सांगलीतल्या आमच्या परसात गेल्या उन्हाळ्यात मी लाकडावर चालणारी, विटांच्या घुमटाची भट्टी बांधली. घुमटाचा आतला व्यास ९० आणि उंची ४५ सेंटिमीटर ठेवली. तोंड मात्र घुमटाच्या उंचीच्या सुमारे ६३ टक्के, म्हणजे २८ सेंटिमीटर उंच घेतले, कारण ते त्याहून फार उंच झाले तर उष्णता निसटते आणि फार बुटके झाले तर धूर कोंडून जाळ गुदमरतो. साधे सिमेंट अशा धगीत ठिसूळ होते, हे गवंडीकाकांना पटवण्यात एक अख्खी सकाळ गेली. शेवटी अग्निरोधक विटा अग्निरोधक मातीच्या गाऱ्यातच बसल्या.

खरी परीक्षा त्यानंतरची होती. बांधकामातला ओलावा हळूहळू जावा म्हणून आठवडाभर रोज लहानच जाळ करायचा होता. चौथ्या दिवशी माझा धीर सुटला, बाभळीची लाकडे जास्त घातली गेली आणि कोंडलेल्या वाफेने घुमटाला वीतभर तडा पाडला. तो गाऱ्याने बुजवला, पण दिसतो अजून.

आता आतली काजळी जळून विटा उजळ दिसू लागल्या की निखारे बाजूला सारून पिझ्झा भाजतो, आणि रात्री उरलेल्या धगीवर आई भरतासाठी कृष्णाकाठची वांगी ठेवते.