चौदावी चाल

बुद्धिबळ खेळणारे आणि न खेळणारे असे दोन्ही प्रकारचे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात: ‘अकरा वर्षे तुम्ही एकाच गृहस्थांकडून हरत आला आहात, तर मग पुन्हा त्यांच्यासमोरच खेळायला का बसता?’ विचारणाऱ्यांच्या सुरात कधी कुतूहल असते, कधी कीव असते, आणि एकदोघांनी तर मला औषधपाण्याची गरज असावी अशा काळजीने विचारले आहे. आजवर मी ‘हरण्यातून शिकता येते’ असे ठरावीक उत्तर देऊन सुटका करून घेत आलो. ते उत्तर खोटे नाही, पण इतके ढोबळ आहे की त्याने कोणाचे समाधान होऊ नये, आणि खरे सांगायचे तर माझेही होत नाही. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून या वेळी नीट सांगतो.

आधी हिशेब मांडतो. आमच्या २१२ डावांची नोंद माझ्या वह्यांमध्ये आहे. त्यांतले २०१ मी हरलो, ९ बरोबरीत सुटले आणि २ जिंकलो. जिंकलेल्या दोन्ही डावांत समोरून सरळसरळ घोडचूक झाली होती, त्यामुळे त्या पानांवर चालींखेरीज मी काहीही लिहिलेले नाही. जिंकण्याचा एक गुण आणि बरोबरीचा अर्धा धरला, तर माझ्या खात्यात साडेसहा गुण जमतात. आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकांनी बसवलेली आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारलेली मानांकनपद्धत सांगते, की दोन खेळाडूंच्या मानांकनांत ४०० चे अंतर असेल तर दुबळ्या खेळाडूने १०० डावांत साधारण ९ गुणांची अपेक्षा करावी, आणि अंतर ६०० असेल तर जेमतेम ३ गुणांची. आमच्यात अंतर सुमारे ६०० चे आहे. मधल्या काळात दोघांचीही मानांकने थोडी वर सरकली, पण अंतर होते तेवढेच राहिले. म्हणजे अकरा वर्षांत मी गणिताला अर्ध्या गुणानेही चकवू शकलेलो नाही. मग शिकलो ते काय, असे तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवे.

त्यासाठी सुरुवातीच्या महिन्यांतला एक डाव दाखवावा लागेल. माझ्याकडे काळे मोहरे होते. मी छोट्या बाजूला किल्लेकोट करून राजा कोपऱ्याकडे सुरक्षित नेला होता आणि माझा उंट जी७ या घरात (अक्षर उभ्या पट्टीचे, आकडा आडव्या ओळीचा), राजाच्या अगदी शेजारी, लांब तिरक्या रेषेवर डोळा ठेवून बसला होता. चौदाव्या चालीला मी त्या उंटाने सी३ वरचा त्यांचा घोडा मारला. त्यांनी प्याद्याने उंट मारला, आणि त्यांची दोन प्यादी एकामागे एक अशी एकाच उभ्या पट्टीत अडकली. मला विलक्षण समाधान वाटले. दुबळ्या खेळाडूला असले दिसणारे फायदे फार आवडतात: मोडलेली प्यादी दिसतात, मोजता येतात, आणि दुसऱ्याला दाखवताही येतात. पुढच्या वीस चालींत काय होत होते ते मात्र मला मुळीच दिसले नाही. त्यांचा वजीर एच६ वर येऊन बसला, त्यांचा काळ्या घरांवरून चालणारा उंट सावकाश तिकडेच सरकू लागला, आणि माझ्या राजाभोवतीची काळी घरे, जी माझा तो उंट राखत होता, एकेक करून त्यांच्या ताब्यात गेली. तेहतिसाव्या चालीला मी एफ६ वर पहारा देणारा घोडा हलवला, त्यांचा उंट एफ६ वर आला, जी७ वरची मात टळणार नाही हे लक्षात आले, आणि मी डाव सोडला.

घरी येऊन मी वहीत लिहिले: ‘३३ व्या चालीला घोडा हलवायला नको होता.’ पुढच्या भेटीत मी हे निदान मोठ्या आत्मविश्वासाने त्यांना ऐकवले. ते म्हणाले, ‘घोडा हलवला नसतात तर दोन चाली उशिरा हरला असतात. तुमचा डाव चौदाव्या चालीलाच बिघडला होता.’

हरण्याचा क्षण आणि हरल्याचे कळण्याचा क्षण यांत त्या दिवशी वीस चालींचे अंतर होते. तुमच्या प्रश्नाचे माझे खरे उत्तर या अंतरात आहे. माझ्या बरोबरीच्या खेळाडूशी खेळताना हे अंतर कधी समोरच येत नाही, कारण चौदाव्या चालीची माझी चूक त्याच्याही ध्यानात येत नाही. तो आपली चूक अठराव्या चालीला करतो, मी बाविसाव्या चालीला परतफेड करतो, आणि शेवटी जो शेवटची चूक करतो तो हरतो. अशा डावानंतर शेवटच्या चुकीलाच पराभवाचे कारण मानले तर फारसे चूकही नसते. बलाढ्य खेळाडू मात्र पहिली चूक पकडतो आणि हातची सोडत नाही. त्यामुळे त्याच्याशी हरलेल्या डावात दुखण्याचे मूळ शोधायला मागे मागे जावे लागते, आणि ते मूळ बहुतेक वेळा अशा चालीत सापडते, जी खेळताना मी स्वतःवर खूश होतो.

त्या दिवशीची गोष्ट इथे संपली नाही. त्यांनी चौदाव्या चालीनंतरची मांडणी पुन्हा पटावर लावली, पट फिरवला, आणि मला पांढऱ्या बाजूने खेळायला सांगितले. म्हणजे आता वाईट अवस्था त्यांच्या वाट्याला आणि चांगली माझ्या. मी वजीर एच६ कडे नेऊ लागलो, उंट बाहेर काढला, आणि चार-पाच चालींनंतर त्यांनी आपला एक हत्ती सरळ माझ्या त्या काळ्या घरांवरच्या उंटावर फेकला. हत्ती देऊन उंट घेणे हा माझ्या हिशेबात तोट्याचा व्यवहार होता, म्हणून मी आनंदाने हत्ती घेतला. त्यानंतर माझा वजीर एच६ वर एकटाच उभा राहिला, जणू पाहुणा आला आणि घरात कोणीच नाही. डाव त्यांनीच जिंकला. मी खट्टू होऊन म्हणालो, की मग चौदाव्या चालीने काय बिघडले होते? त्यावर ते नुसते हसले आणि मोहरे डब्यात भरू लागले. मी वहीत लिहिले: ‘जी७ वरचा उंट घोड्यासाठी कधीही देऊ नये.’ हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

सगळेच पराभव असे लांबलचक चौकशी मागत नाहीत. काही एका वाक्यात निकालात निघतात आणि जन्मभर पुरतात. एकदा आमच्या दोघांकडे एकेक हत्ती उरला होता, त्यांच्याकडे मधल्या पट्टीतले एक प्यादे जास्त होते, आणि माझा राजा त्या प्याद्याच्या वाटेत उभा होता. प्यादे पुढे येऊ नये म्हणून मी हत्ती माझ्या शेवटच्या ओळीवर पहाऱ्याला नेला. त्यांचा राजा शांतपणे पुढे आला, माझा हत्ती जागच्या जागी जखडला गेला, आणि थोड्याच चालींत सारे संपले. ‘हत्ती मागे का नेलात? तिसऱ्या ओळीवर ठेवायचा,’ एवढेच ते म्हणाले. ही मांडणी अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू फिलिडोर याच्या नावाने ओळखली जाते. बचाव करणाऱ्याने हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या आडव्या ओळीवर रोवून ठेवायचा, म्हणजे समोरच्या राजाला त्या ओळीवर पाऊल टाकता येत नाही. ते टाकता यावे म्हणून समोरचा प्यादेच त्या ओळीवर ढकलतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या राजाचा आडोसा नाहीसा होतो. मग आपला हत्ती झटकन पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि पाठीमागून शह देत राहायचे. डाव बरोबरीत सुटतो. ही माहिती मी त्याआधी वाचलेली होती, हे सांगायला लाज वाटते. वाचलेले डोक्यात होते, पण ते हातात उतरले हरलो तेव्हा. आणि माझ्या ९ बरोबऱ्यांपैकी २ नंतर याच युक्तीने मिळाल्या आहेत.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणे देऊन स्वतःची बाजू सावरणे मला आवडत नाही, तरी एका सामन्याचा उल्लेख टाळवत नाही. सप्टेंबर १९८४ मध्ये मॉस्कोत तेव्हाचा जगज्जेता कारपोव्ह आणि त्याचा आव्हानवीर कास्पारोव्ह यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. सहा डाव जो आधी जिंकेल तो जेता, आणि बरोबऱ्या मोजायच्या नाहीत, असा नियम होता. पहिल्या नऊ डावांत एकवीस वर्षांचा कास्पारोव्ह चार डाव हरला. त्यानंतर त्याने जे केले त्याचे मला फार अप्रूप वाटते: त्याने जिंकण्याची घाई सोडली, आणि पुढचे ओळीने १७ डाव बरोबरीत सुटले. सत्ताविसावा डाव हरून तो ०–५ असा पिछाडीवर पडला, तरी बत्तिसावा त्याने जिंकला, आणि पुढे सत्तेचाळिसावा व अठ्ठेचाळिसावाही जिंकला. फेब्रुवारी १९८५ मध्ये फिडेच्या अध्यक्षांनी सामना निकालाविना थांबवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, नव्याने झालेल्या सामन्यात, कास्पारोव्ह जगज्जेता झाला. लोक या कथेतले जेतेपद सांगतात. मी मधल्या १७ बरोबऱ्यांपाशी थांबतो. बलाढ्य माणसासमोर पहिली शिकण्याची गोष्ट जिंकणे ही नसून लवकर न हरणे ही आहे, आणि ते शिकायला समोर तोच माणूस रोज बसलेला असावा लागतो.

याच कारणाने ‘मग संगणकाशीच खेळा की, तो तर सर्वांत बलाढ्य’ हा सल्ला मला पटत नाही. संगणकाशी मी शेकडो डाव हरलो आहे आणि त्यांतून जवळजवळ काहीच शिकलो नाही. तो चौदाव्या चालीसमोर कोण किती वरचढ आहे ते सांगणारा एक आकडा दाखवतो, त्याहून चांगली चाल दाखवतो, आणि गप्प बसतो. चूक कोणती ते कळते. ती करताना मी कोणत्या भ्रमात होतो ते त्याला ठाऊक नसते, आणि आकडा डोळ्यांसमोर आला की मलाही आठवत नाही. म्हणून माझी शिस्त अशी आहे, की हरलेल्या डावातली चार-पाच ठिकाणे निवडून तिथे मला त्या वेळी काय वाटत होते, कोण वरचढ आहे असे वाटत होते आणि समोरच्याचा बेत काय वाटत होता, ते आधी हाताने लिहायचे. संगणक त्यानंतर उघडायचा. हे लिखाण वाचणे सुखाचे नसते. ‘इथे मी उत्तम स्थितीत आहे’ हे वाक्य माझ्या वह्यांमध्ये किती वेळा आले आहे ते मोजण्याचे धाडस मी अजून केलेले नाही. तीन-तीन मिनिटांच्या झटपट डावांबद्दल तर बोलायलाच नको. एका रात्रीत तसे तीस डाव हरून मी फक्त उशिरा झोपायला शिकलो.

एकदा त्यांनी आपला एक घोडा आधीच पटावरून काढून खेळण्याची तयारी दाखवली होती. एकोणिसाव्या शतकात दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला असे एखादे प्यादे, घोडा, प्रसंगी हत्तीही आधीच सोडण्याची रीत सर्रास होती. मी नको म्हटले. त्यात मानापमानाचा भाग नव्हता, निदान फारसा नव्हता. घोडा कमी असलेला बलाढ्य खेळाडू सापळे लावून खेळतो, आणि मला सापळे शिकायचे नव्हते. मला त्यांचा नेहमीचा, शांत, काही घडतच नाही असा वाटणारा खेळ समोर हवा होता.

तर शिकलो ते हे, की ते वीस चालींचे अंतर आता चार-पाच चालींवर आले आहे. निकालात हे दिसत नाही. चौतिसाव्या चालीला संपणारे डाव आता साठीपर्यंत चालतात आणि शेवटी मीच हरतो, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले नाही असे वाटणे साहजिक आहे.

मागच्याच महिन्यात मला वाटले, की ते अंतर अखेर शून्यावर आले. पुन्हा काळे मोहरे, पुन्हा जी७ वर उंट, पुन्हा सी३ वर त्यांचा घोडा. एकोणिसाव्या चालीला माझा हात उंटाकडे गेला होता, पण मोहऱ्याला बोट लागण्याआधीच मी तो मागे घेतला आणि उंट राखला. डाव एकसष्ट चालींपर्यंत चालला. हरलो, तरी मनातून मी प्रसन्न होतो. मोहरे लावता लावता त्यांनी विचारले, ‘एकोणिसाव्या चालीला हात मागे का घेतलात?’ मी अकरा वर्षांपूर्वीच्या चौदाव्या चालीची आठवण दिली आणि वहीतले ते वाक्य म्हणून दाखवले.

‘पण या डावात माझा काळ्या घरांवरचा उंट होता कुठे?’ ते म्हणाले. ‘तो तर बाराव्या चालीलाच पटावरून गेला होता. तुमच्या राजाशेजारच्या घरांना धोका कोणाचा होता? आणि तुमचा उंट तर तुमच्याच ई५ वरच्या प्याद्यामागे कोंडलेला होता. घोडा मारायलाच हवा होता. तो डी५ वर जाऊन बसला आणि तिथूनच तुम्ही हरलात.’

मग पट फिरवून झालेल्या त्या जुन्या डावात त्यांनी हत्ती का फेकला होता, ते मला कळले. मी मोहरे डब्यात भरू दिले नाहीत. एकोणिसाव्या चालीपर्यंतची मांडणी पुन्हा लावली, उंटाने घोडा मारला, आणि आम्ही तिथून खेळायला बसलो.