कलम 190 आणि बावीस वेळा आलेला ‘फ्रॉड’

युक्रेनमधली एक पोलीस तक्रार आणि तिच्या इंग्रजी अनुवादाचा कुणीतरी आधी केलेला मसुदा तपासायला आला होता. भाड्याच्या घरासाठी आगाऊ पैसे घेऊन माणूस गायब, असं प्रकरण. सात पानांत ‘फ्रॉड’ बावीस वेळा. मूळ मजकुरात मात्र त्या जागी वेगवेगळे शब्द होते.

‘शाख्रायस्त्वो’ हे गुन्ह्याचं नाव. 2001च्या युक्रेनियन फौजदारी संहितेतलं कलम 190 सांगतं: ‘ओब्मान’, म्हणजे फसवणूक, करून किंवा विश्वासाचा गैरफायदा घेऊन दुसऱ्याची मालमत्ता किंवा तिच्यावरचा हक्क मिळवणं म्हणजे शाख्रायस्त्वो. ओब्मान हे साधन झालं. दोन्हीकडे ‘फ्रॉड’ घातलं की व्याख्या ‘फ्रॉड करून केलेला फ्रॉड’ अशी होऊन बसते. शिवाय ओब्मान नागरी संहितेच्या कलम 230मध्येही येतो. तिथे फसवून झालेला व्यवहार न्यायालय अवैध ठरवतं, गुन्ह्याचा प्रश्नच नसतो. म्हणून ओब्मानला सगळीकडे ‘डिसीट’ केलं.

विश्वासाच्या गैरफायद्याला मसुद्यात ‘ब्रीच ऑफ ट्रस्ट’ होतं. हे जास्त घातक. भारतातला वकील ते वाचून सोपवलेल्या मालाची अफरातफर समजेल, आणि युक्रेनमध्ये त्यासाठी वेगळं कलम आहे, 191. तिथे ‘अब्यूज ऑफ ट्रस्ट’च हवं.

‘फ्रॉड’ ठेवला तिथेही टीप द्यावी लागली, कारण कागद इंग्लंडमधल्या वकिलाकडे जाणार होता. तिकडच्या 2006च्या फ्रॉड अ‍ॅक्टप्रमाणे लाभाच्या किंवा नुकसानीच्या हेतूने अप्रामाणिकपणे खोटं सांगितलं की गुन्हा पुरा होतो, पैसे मिळोत न मिळोत. कलम 190चा गुन्हा पुरा व्हायला मालमत्ता हाती यावी लागते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तक्रारदाराच्या एका वाक्यावर: ‘विन मेने किनुव ना पंधरा हजार’. आकडा इथे मराठीत लिहिला आहे. मसुद्यात होतं, ‘पंधरा हजारांसाठी तो मला सोडून गेला’. ‘किनुती’ म्हणजे फेकणं, सोडून जाणं, हे खरं; पण पुढे ‘ना’ आणि रक्कम आली की अर्थ होतो टोपी घालणं. मग ‘डिफ्रॉडेड’ लिहावं? नाही. ते कायद्याचं बोलणं झालं, आणि हा माणूस घरच्या भाषेत बोलत होता. ‘चीटेड मी आउट ऑफ’ लिहिलं, आणि शब्दशः अर्थ तळटिपेत दिला.

शेवटी ‘फ्रॉड’ सहा ठिकाणी उरला. सहाही ठिकाणी मूळ शब्द शाख्रायस्त्वो होता.